पाणपिसूची साक्ष : विषाक्तता-परीक्षणातील लहान कवचधारी जीव

४.१ प्रास्ताविक

कीटकनाशकाच्या बाटलीवर किंवा एखाद्या रसायनाच्या पिंपावर लाल कडांच्या चौकोनातील एक चित्र तुम्ही कदाचित पाहिले असेल. त्यात एक वठलेले झाड असते आणि त्याच्या शेजारी पोट वर करून पडलेला मासा. हा पदार्थ पाण्यातील जीवांना घातक आहे, असे ते चित्र सांगते. परंतु हे ठरवले कोणी? किती मात्रा घेऊन, किती वेळ, कोणावर प्रयोग करून? चित्रात मासा असला, तरी पुष्कळदा हा निर्णय ज्या जीवामुळे झालेला असतो तो मासा नसतो. तो असतो तांदळाच्या दाण्याहूनही लहान, पारदर्शक, पाण्यात उड्या मारत फिरणारा एक कवचधारी प्राणी. त्याचे शास्त्रीय नाव डॅफ्निया. इंग्रजीत त्याला जे नाव आहे, त्याचा सरळ मराठी अर्थ पाणपिसू असा होतो आणि या घटकात आपण तोच शब्द वापरणार आहोत.

मराठीच्या अभ्यासक्रमात हा विषय कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तुमच्यापैकी काही जण उद्या वृत्तपत्रात काम करतील, काही अनुवादक होतील, काही शाळेत शिकवतील. गावाजवळच्या नदीत मासे मेले, कारखान्याने आपले सांडपाणी ‘चाचणीत उत्तीर्ण’ झाल्याचा अहवाल पुढे केला, आणि तो अहवाल मराठीत आणण्याचे काम तुमच्याकडे आले, तर त्यातील एकेका शब्दाचा अर्थ नेमका कळायला हवा. ‘निश्चल’ आणि ‘मृत’, ‘परिणाम न आढळलेली मात्रा’ आणि ‘सुरक्षित मात्रा’ या जोड्यांतील अंतर भाषेचे आहेच. पण त्या अंतरावर नदीकाठच्या माणसांचे पाणी अवलंबून असते. म्हणून ही चाचणी प्रत्यक्ष कशी होते, तिच्यातून निघणारा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आपण थोडे तपशिलात शिरून पाहू.

४.२ पाणपिसूची ओळख

नावात पिसू असली, तरी पाणपिसू कीटक नाही. खेकडा, कोळंबी, झिंगा ज्या कवचधारी वर्गात मोडतात, त्याच वर्गातील ती आहे. कीटक आणि कवचधारी हे दोन्ही मात्र संधिपाद या एकाच मोठ्या संघाचे सदस्य आहेत. हे नाते ध्यानात ठेवा. पुढे त्याचे महत्त्व कळेल. परीक्षणासाठी सर्वाधिक वापरली जाणारी जात म्हणजे डॅफ्निया मॅग्ना. तिची पूर्ण वाढलेली मादी सुमारे पाच मिलिमीटरपर्यंत होते. डोक्याशी असलेल्या फांद्याफांद्यांच्या दोन शृंगिकांनी पाणी मागे लोटत ती झटक्याझटक्याने पोहते. या उड्यांमुळेच तिला पिसू म्हटले गेले असावे. सतराव्या शतकात डच निसर्गशास्त्रज्ञ यान स्वामरडाम यांनी तिचे वर्णन केले, तेव्हाही त्यांनी तिला लॅटिनमध्ये पाण्यातील पिसूच म्हटले होते.

तिचे कवच पारदर्शक असते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धडधडणारे हृदय, हिरव्या शैवलाने भरलेले आतडे आणि पाठीकडच्या पोकळीतील अंडी किंवा पिल्ले स्पष्ट दिसतात. प्राणी न कापता त्याच्या आत काय चालले आहे हे पाहण्याची अशी सोय फार थोड्या जीवांत आढळते. इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८४ मध्ये शरीरातील पांढऱ्या पेशी रोगबीजांना गिळून टाकतात हे दाखवताना याच सोयीचा उपयोग केला होता. पाणपिसूच्या शरीरात शिरलेल्या बुरशीच्या बीजाणूंना पेशी वेढून घेताना त्यांना प्रत्यक्ष दिसल्या. रोगप्रतिकारशक्तीवरील कार्यासाठी त्यांना पुढे १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पाण्यात ऑक्सिजन कमी झाला, की पाणपिसू आपल्या शरीरात हिमोग्लोबिन वाढवते आणि लालसर दिसू लागते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला भांड्याच्या रंगावरूनच कळते, की आत गर्दी झाली आहे किंवा हवा कमी पडते आहे.

तिच्या प्रजननाची रीत विशेष आहे. परिस्थिती अनुकूल असताना मादी नराशिवायच अंडी देते आणि त्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात. याला अनिषेकजनन म्हणतात. अशा सर्व मुली आईच्या जनुकीय प्रतिकृती असतात. अन्न घटले, गर्दी झाली, दिवस लहान झाले, की मग नर जन्मू लागतात, मीलन होते आणि काळसर, जाड आवरणातील विश्रांत अंडी तयार होतात. ही अंडी तळाच्या गाळात वर्षानुवर्षे, कधी कधी दशकानुदशके, जिवंत राहू शकतात. वाळलेल्या तळ्यात पहिल्या पावसानंतर जीवसृष्टी ‘कोठून आली’ असा प्रश्न आपल्याला पडतो, त्याचे एक उत्तर अशा अंड्यांत असते.

४.३ परीक्षणासाठी हाच जीव का?

या निवडीमागे काही कारणे सोयीची आहेत आणि काही तत्त्वाची. सोयीची कारणे लगेच सांगता येतात. पाणपिसू काचेच्या भांड्यात वाढते, शैवलावर जगते, तिला जागा थोडी लागते. २० अंश सेल्सिअस तापमानाला ती साधारण आठ-दहा दिवसांत प्रौढ होते आणि मग दर तीन-चार दिवसांनी पिल्ले देते. एकाच आईपासून निघालेल्या प्रतिकृती वापरल्याने जीवाजीवांतील जन्मजात फरक जवळजवळ नाहीसा होतो, आणि दोन देशांतील दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष ताडून पाहता येतात.

तत्त्वाचे कारण अधिक महत्त्वाचे आहे. तळ्यातील हिरवे शैवल पाणपिसू गाळून खाते आणि लहान मासे पाणपिसूला खातात. म्हणजे सूर्यप्रकाशावर वाढलेले अन्न माशापर्यंत पोहोचवणारी ती मधली कडी आहे. ही कडी तुटली, की एका बाजूने शैवल अनावर वाढते आणि दुसऱ्या बाजूने माशांच्या पिल्लांची उपासमार होते. विष माशाला थेट लागलेच पाहिजे असे नाही. म्हणूनच आज रसायनांच्या परीक्षणात शैवल, पाणपिसू आणि मासा हे तीन थर स्वतंत्रपणे तपासले जातात. एका थराचा निकाल दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

या कामासाठी पाणपिसूची शिफारस करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत स्वीडनचे सरोवरशास्त्रज्ञ आयनार नाउमान यांचे नाव घेतले जाते. त्यांचे हे लेखन १९३० च्या दशकातील आहे. १९४४ मध्ये अमेरिकेतील बर्टिल अँडरसन यांनी कारखान्यांच्या सांडपाण्यात आढळणाऱ्या अनेक पदार्थांची घातक मर्यादा डॅफ्निया मॅग्नाच्या साहाय्याने ठरवून प्रसिद्ध केली. त्यानंतर पद्धती हळूहळू एकसारख्या होत गेल्या. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शिका क्रमांक २०२ ही आज या चाचणीची सर्वमान्य संहिता मानली जाते. तिची सध्याची आवृत्ती २००४ ची आहे.

४.४ अठ्ठेचाळीस तासांची चाचणी

आता आपण प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळू. जन्मून चोवीस तास झालेले नाहीत अशीच पिल्ले घेतली जातात. आईचे पहिलेच वेत मात्र टाळतात, कारण पहिल्या वेतातील पिल्ले पुढच्या वेतांसारखी सारखी आणि सशक्त नसतात. ज्या पदार्थाचे परीक्षण करायचे, त्याची किमान पाच वेगवेगळ्या संहतींची द्रावणे तयार करतात. संहती म्हणजे एका लिटर पाण्यात तो पदार्थ किती मिसळला आहे. ही पाच द्रावणे बेरजेच्या नव्हे, तर गुणाकाराच्या क्रमाने चढत जातात, आणि हा गुणक शक्यतो २.२ पेक्षा मोठा नसावा असा संकेत आहे. प्रत्येक द्रावणासाठी किमान वीस पिल्ले असतात. ती पाच-पाचच्या चार गटांत वाटणे पसंत केले जाते. प्रत्येक पिल्लाला निदान दोन मिलिलिटर पाणी मिळावे लागते. तापमान १८ ते २२ अंशांच्या दरम्यान, स्थिर. या काळात त्यांना खायला काही देत नाहीत.

यांच्या जोडीला आणखी एक भांडे असते. त्यात पाणी तेच, पिल्ले तशीच, फक्त तपासायचा पदार्थ नसतो. याला नियंत्रण गट म्हणतात. अहवाल वाचताना अनेकांची नजर या भांड्यावर पडत नाही; वस्तुतः प्रथम तेच पाहायला हवे. नियंत्रण गटातील दहा टक्क्यांहून अधिक पिल्ले निश्चल झाली, तर संपूर्ण चाचणी अवैध ठरते, मग बाकीच्या भांड्यांत काहीही घडलेले असो. ज्या पाण्यात विष नाही तेथेच जीव टिकत नसतील, तर विषाविषयी बोलण्याचा अधिकार त्या चाचणीला उरत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकलेला नसणे, भांडे साबणाने धुऊन नीट न विसळणे, पिल्ले उचलताना त्यांच्या कवचाखाली हवेचा बुडबुडा शिरून ती पृष्ठभागावर अडकणे, अशा अगदी घरगुती वाटणाऱ्या कारणांनीही चाचणी फसते.

चोवीस तासांनी एकदा आणि अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा निरीक्षण होते. भांडे हलकेच हलवायचे आणि पंधरा सेकंद पाहायचे. तेवढ्या वेळात जे पिल्लू पोहू शकत नाही, ते निश्चल मानायचे, त्याच्या शृंगिका थरथरत असल्या तरीही. येथे थांबून विचार करा. निश्चल म्हणजे मृत नव्हे. एवढ्या लहान जीवाचा मृत्यू नेमका कोणत्या क्षणी झाला हे ठरवणे कठीण असते, आणि दोन निरीक्षकांचे त्यावर एकमत होईलच असे नाही. पोहता येते की नाही, यावर मात्र मतभेद फारसे होत नाहीत. शिवाय तळ्यात न पोहू शकणारी पाणपिसू मेल्यातच जमा असते. म्हणून शास्त्राने मोजता येण्याजोगी खूण निवडली. अनुवादकाने घाईने ‘मृत्यू’ हा शब्द योजला, तर वाक्य अधिक परिणामकारक होते आणि चुकीचेही.

प्रयोगशाळेचा हात नीट बसला आहे की नाही, हे तपासण्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट या ठरलेल्या विषावर अधूनमधून चाचणी घेतात. चोवीस तासांत निम्म्या पिल्लांना निश्चल करणारी त्याची संहती लिटरमागे ०.६ ते २.१ मिलिग्रॅम या पट्ट्यात यावी लागते. ती बाहेर गेली, तर दोष पिल्लांत किंवा माणसांत शोधायचा. सोनाराने तराजूवर आधी माहीतगार वजन टाकून पाहावे, तसाच हा प्रकार आहे.

४.५ आकडा कसा वाचावा?

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. ‘क’ नावाच्या पदार्थाची लिटरमागे १, २, ४, ८ आणि १६ मिलिग्रॅम अशी पाच द्रावणे केली. प्रत्येकात वीस पिल्ले. अठ्ठेचाळीस तासांनी निश्चल झालेल्यांची संख्या अनुक्रमे ०, २, ७, १४ आणि २० आली. नियंत्रण गटात एक. एक म्हणजे पाच टक्के, तेव्हा चाचणी वैध आहे. आता ४ मिलिग्रॅमला पस्तीस टक्के आणि ८ मिलिग्रॅमला सत्तर टक्के जीव निश्चल झाले आहेत. म्हणजे बरोबर निम्म्या जीवांवर परिणाम घडवणारी संहती या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. गुणाकाराच्या मोजपट्टीवर हिशोब केला, तर ती सुमारे ५.४ मिलिग्रॅम येते. हाच तो आकडा, ज्याला अहवालात ‘ईसी-५०’ म्हणतात. मृत्यू मोजला असेल, तर त्याच धर्तीवर ‘एलसी-५०’ म्हणतात.

निम्मेच का? पहिला जीव कधी बळी पडतो किंवा शेवटचा कधी, हे योगायोगावर फार अवलंबून असते. एखादे पिल्लू फार दुबळे, एखादे फार चिवट निघते. मधला जीव मात्र फारसा फसवत नाही. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये औषधांच्या मात्रांसंबंधी हा विचार मांडला आणि ‘निम्मी मारक मात्रा’ ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली. म्हणजे पन्नास टक्क्यांची निवड ही केवळ अचूकतेसाठी आहे. निम्मे जीव गमावणे चालण्यासारखे आहे, असा अर्थ त्यात मुळीच नाही. तरीही ‘प्रदूषण ईसी-५० पेक्षा कमी, त्यामुळे चिंता नाही’ असा युक्तिवाद ऐकू येऊ शकतो. तो ऐकला, की नदीतील निम्म्या पाणपिसवा न पोहता तळाशी पडल्या आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

मग १ मिलिग्रॅमला एकही पिल्लू निश्चल झाले नाही, ती मात्रा तरी सुरक्षित म्हणायची काय? तेही नाही. समजा, त्या संहतीला शंभरातील दहा जीवांवर खरोखरच परिणाम होत असतो. तरीही वीस जीवांच्या नमुन्यात एकही बाधित न सापडण्याची शक्यता सुमारे बारा टक्के उरते. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ यांत हा फरक आहे. शिवाय सारे घडले आहे ते अठ्ठेचाळीस तासांत. अनेक विषे जीवाला लगेच लोळवत नाहीत. ती त्याची वाढ खुंटवतात, कात टाकणे बिघडवतात, संतती घटवतात. त्यासाठी एकवीस दिवसांची वेगळी चाचणी आहे. तिच्यात माद्या एकेकट्या ठेवून प्रत्येकीला झालेली पिल्ले मोजतात. नियंत्रण गटातील मादीला या काळात सरासरी किमान साठ जिवंत पिल्ले व्हावी लागतात. या चाचणीतून काही अनपेक्षित गोष्टीही उघड झाल्या. कीटकांच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करणारी काही कीटकनाशके अत्यल्प प्रमाणात असली, तरी भरपूर अन्न आणि मोकळी जागा असतानाही पाणपिसूला नर पिल्ले होऊ लागतात. अठ्ठेचाळीस तासांच्या चाचणीत याचा मागमूसही लागला नसता.

या साऱ्या अनिश्चिततेमुळे नियम करणारे लोक मूळ आकड्याला मोठ्या संख्येने भागतात. शैवल, पाणपिसू आणि मासा या तिघांच्याही फक्त अल्पकालीन चाचण्या उपलब्ध असतील, तर युरोपीय पद्धतीत त्यांतील सर्वांत लहान आकड्याला हजाराने भागून निसर्गातील अपेक्षित निरुपद्रवी पातळी काढतात. आपल्या ‘क’ पदार्थाचा ५.४ मिलिग्रॅम हाच सर्वांत लहान आकडा असेल, तर ती पातळी लिटरमागे ५.४ मायक्रोग्रॅम होईल. दीर्घ मुदतीच्या चाचण्या जसजशा होतील, तसा भाजक शंभर, पन्नास, दहा असा उतरत जातो. माहिती कमी तेवढी सावधगिरी जास्त, हा व्यवहार मला तरी रास्त वाटतो. उत्पादकांना तो नेहमीच जाचक वाटत आला आहे. सुरुवातीला उल्लेखिलेले वठलेले झाड आणि मेलेला मासाही अशाच आकड्यावरून ठरतो. अल्पकालीन आकडा १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल, तर पदार्थ पहिल्या, म्हणजे सर्वांत घातक गटात. १ ते १० दुसऱ्या. १० ते १०० तिसऱ्या. आपला ‘क’ दुसऱ्या गटात जाईल.

स्वतः करून पाहा : वरील उदाहरणात नियंत्रण गटात एकाऐवजी तीन पिल्ले निश्चल झाली असती, तर ईसी-५० किती आला असता? (हिशोबाला बसण्यापूर्वी ४.४ मधील नियंत्रण गटाविषयीचा परिच्छेद पुन्हा वाचा.)

४.६ पाऊस पडला आणि नदी बदलली

आतापर्यंत आपण एका माहीत असलेल्या पदार्थाचा विचार केला. नदीच्या किंवा सांडपाण्याच्या नमुन्यात मात्र काय आहे हेच ठाऊक नसते. रासायनिक विश्लेषणाला विचारलेल्या पदार्थांचीच उत्तरे मिळतात. न विचारलेले त्यात दिसत नाही. जिवंत प्राणी असा भेद करत नाही. पाण्यात जे काही आहे, ते सारे एकत्रितपणे त्याला भोगावे लागते.

याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातले आहे. तेथील सॅक्रामेंटो आणि सॅन होआकीन या नद्यांच्या खोऱ्यांत बदाम, पीच, आलुबुखार यांच्या विस्तीर्ण बागा आहेत. हिवाळ्यात झाडांची पाने झडलेली असताना त्यांवर डायझिनॉनसारखी कीटकनाशके फवारण्याची प्रथा होती. पावसाळाही तेथे हिवाळ्यातच असतो. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत संशोधकांनी नदीचे पाणी नियमितपणे घेऊन त्यात सिरिओडॅफ्निया ड्युबिया ही पाणपिसूची लहान बहीण ठेवून पाहिली. फेब्रुवारीतील पावसानंतर सॅक्रामेंटोचे पाणी रिओ व्हिस्टा येथे सलग तीन दिवस, आणि सॅन होआकीनचे पाणी व्हर्नालिस येथे सलग बारा दिवस त्या जीवांना मारक ठरले. बागांतून धुपून आलेले डायझिनॉन त्याच दिवसांत सर्वाधिक होते.

अशा वेळी दोषी पदार्थ कसा ओळखतात, ही पद्धत एखाद्या तपासकथेसारखी आहे. नमुन्याचे भाग करतात आणि प्रत्येकातून एकेक संशयित बाजूला काढून पुन्हा पाणपिसू सोडतात. एका भागात धातूंना बांधून टाकणारे ईडीटीए घालतात. जीव वाचले, तर संशय तांबे, जस्त यांसारख्या धातूंवर जातो. दुसऱ्यात सोडियम थायोसल्फेट घालतात. जीव वाचले, तर क्लोरीनवर. तिसरा भाग सेंद्रिय पदार्थ धरून ठेवणाऱ्या स्तंभातून गाळतात. आणखी एका भागात पायपेरोनिल ब्युटॉक्साइड मिसळतात, आणि येथे गंमत होते. डायझिनॉन मूळ रूपात फारसे विषारी नसते. प्राण्याच्या शरीरातील विकरेच त्याचे अधिक जहाल रूपांतर करतात. पायपेरोनिल ब्युटॉक्साइड त्या विकरांना रोखते, म्हणून जीव वाचतात. पण पाण्यातील विष पायरेथ्रॉइड गटातले असेल, तर तीच विकरे एरवी त्या विषाचा निचरा करत असतात. त्यांना रोखल्यावर विषबाधा उलट वाढते. एकच पदार्थ घालून दोन निरनिराळ्या कुळांतील कीटकनाशके अशी वेगळी ओळखता येतात. डासांवरील काही फवाऱ्यांत पायरेथ्रॉइडबरोबर हाच पदार्थ का घालतात, याचेही उत्तर तुम्हाला येथे मिळाले असेल.

पाणपिसूला कीटकनाशक इतके का बाधते, याचे कारण ४.२ मध्ये आलेल्या नात्यात आहे. डायझिनॉन मज्जातंतूंमधील एका विकराला निकामी करते. हे विकर माशातही असते, पण कीटक आणि कवचधारी यांत या विषाचा परिणाम कितीतरी कमी मात्रेला होतो. सिरिओडॅफ्नियाला लिटरमागे सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम डायझिनॉन पुरते. बहुतेक माशांना त्याच्या शेकडो किंवा हजारो पट लागते. व्हर्नालिसच्या त्या बारा दिवसांच्या पाण्यात मासा सोडला असता, तर तो बहुधा निवांत पोहत राहिला असता.

हे वाक्य आपल्या संदर्भात वाचण्याजोगे आहे. भारतात पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत सांडपाण्यासाठी जी सर्वसाधारण मानके दिली आहेत, त्यांत जैव चाचणीचाही समावेश आहे. कोणतीही भर न घातलेल्या शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत, अशी ती अट आहे. अट चांगली आहे आणि ती प्रामाणिकपणे पाळली गेली, तर पुष्कळ काही साधेल. पण ती माशाची साक्ष आहे. कीटकनाशकांचा अंश असलेले पाणी या चाचणीत उत्तीर्ण होऊनही पुढच्या तळ्यातील पाणपिसवा, आणि त्यांवर वाढणारी माशांची पिल्ले, संपवू शकते. अहवालात ‘जैव चाचणी उत्तीर्ण’ असे वाचले, की कोणत्या जीवावर आणि किती तास, हे दोन प्रश्न विचारावेत.

४.७ इतर कवचधारी साक्षीदार

खारट पाण्यासाठी आर्टेमिया हा कोळंबीसारखा जीव सोयीचा आहे. त्याची सुप्त अंडी कोरड्या भुकटीसारखी डब्यात मिळतात. मिठाच्या पाण्यात टाकली, की साधारण दिवसभरात डिंभ बाहेर पडतात. पाळण-पोसणाची कटकट नाही. १९८२ मध्ये वनस्पतींच्या अर्कांतील क्रियाशील घटक हुडकण्यासाठी आर्टेमियाची एक सोपी चाचणी प्रसिद्ध झाली आणि ती भारतातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही भरपूर वापरली जाते. तथापि आर्टेमिया फार चिवट आहे. अनेक विषे ती सहज सोसते. तिला काही झाले नाही म्हणून समुद्री पाणी निर्दोष ठरत नाही. तळाच्या गाळातील विष तपासायचे, तर गाळात राहणारा हायालेला ॲझ्टेका हा जीव घ्यावा लागतो.

४.८ साक्षीच्या मर्यादा

पाणपिसूवर फार विसंबले, की काय होते याचा धडा इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाने दिला आहे. महाराष्ट्रातील कापूस उत्पादकाला मावा, तुडतुडे यांच्या संदर्भात हे नाव परिचित असेल. डॅफ्निया मॅग्नावरील त्याचा अठ्ठेचाळीस तासांचा ईसी-५० लिटरमागे सुमारे ८५ मिलिग्रॅम इतका मोठा आहे. केवळ या आकड्यावर पाहिले, तर हा पदार्थ सौम्य, तिसऱ्या गटातला. पण झऱ्यांत आणि तळ्यांत पिल्लावस्था काढणाऱ्या काही कीटकांना, विशेषतः मेफ्लाय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाजूक पंखांच्या कीटकांना, तेच रसायन लिटरमागे काही मायक्रोग्रॅमला निकामी करते. फरक हजारो पटींचा आहे. चाचणीत चूक नव्हती. पाणपिसूने आपल्यापुरते खरेच सांगितले होते. चूक होती ती एका जीवाचे बोलणे साऱ्या जलचरांच्या वतीने मानण्यात. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमांनी कीटकनाशकांसाठी पाणपिसूखेरीज आणखी एका संधिपाद जातीवर चाचणी आवश्यक केली, त्यामागे हीच जाणीव आहे.

दुसरी मर्यादा प्रतिकृतींची. सारख्या जनुकांमुळे निकाल सारखे येतात हे खरे. पण कॅडमियमसारख्या विषाला डॅफ्निया मॅग्नाचा एक वंश दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक सोसू शकतो, हेही दिसून आले आहे. मग कोणत्या वंशाचा आकडा खरा मानायचा? तिसरी मर्यादा पाण्याची. कठीण, म्हणजे दुष्फेन, पाण्यात कॅल्शियममुळे तांब्याचा परिणाम सौम्य होतो. मऊ पाण्यात तीच मात्रा घातक ठरते. प्रयोगशाळेतील पाणी बहुधा बरेच कठीण असते. कोकणातील जांभ्या दगडावरून वाहणाऱ्या मऊ पाण्याच्या ओढ्याला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. आणि तापमान तर उघडच आहे: वीस अंशांचे पाणी मराठवाड्यातील तळ्यात मे महिन्यात कोठे मिळणार? आपल्याकडील उष्ण पाण्यात मॉइनासारख्या लहान पाणपिसवा अधिक आढळतात. मत्स्यपालक माशांच्या पिल्लांना खाद्य म्हणून त्या वाढवतातही. आपल्या पाण्याविषयी बोलायचे, तर अशा स्थानिक जातींवरील चाचण्या अधिक व्हायला हव्यात, असे या लेखकाचे मत आहे.

एक प्रश्न उरतो, तो या जीवांचाच. प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांना संरक्षण देणारा युरोपीय संघाचा २०१० चा निर्देश पृष्ठवंशी प्राणी आणि माखलीसारखे शीर्षपाद यांनाच लागू आहे. पाणपिसू त्याबाहेर राहते. माशांवरील प्रयोग कमी करण्यासाठी तिचा वापर वाढावा, असेही म्हटले जाते. तिला वेदना होते की नाही, यावर शास्त्र आज निश्चित बोलत नाही. चाचणी संपल्यावर भांडी रिकामी करणाऱ्याला याचा विचार करावासा वाटला, तर तो अशास्त्रीय म्हणू नये.

स्वाध्याय : पुढील वाक्य एका कल्पित बातमीतील आहे. ‘तज्ज्ञांच्या चाचणीत निम्मे जलचर दगावण्याइतकी विषाची पातळी आढळली नाही, त्यामुळे नदीचे पाणी सुरक्षित असल्याचे स्पष्ट झाले.’ या वाक्यातील ‘निम्मे’, ‘जलचर’, ‘दगावण्याइतकी’, ‘आढळली नाही’ आणि ‘सुरक्षित’ या पाच शब्दप्रयोगांची या घटकाच्या आधारे तपासणी करा, आणि अहवालात जेवढे म्हटले असू शकेल तेवढेच सांगणारी बातमी सुमारे शंभर शब्दांत नव्याने लिहा.